वाफेची वाट, पाण्याची वाट

खानदेशातला शेतमाल कारखान्यात शिरला की बहुतेक वेळा त्याची गाठ वाफेशी पडते. १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. आजच्या विप्रोचे हे मूळ, आणि तिथे तेलापासून वनस्पती तूप होत असे. जळगावात भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन करायला सुरुवात केली. पुढे त्याच समूहाने कांदा वाळवण्याचा आणि फळांच्या गराचा मोठा व्याप उभा केला. दोंडाईचाला मक्यापासून स्टार्च निघतो. फैजपूर, शिरपूर, साक्री, शहादा या पट्ट्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले. या सगळ्या प्रक्रियांना एकसारखी, आवरता येणारी उष्णता लागते आणि ती बॉयलरमधून नळ्यांवाटे येते. बॉयलर कोणाचा, किती टनांचा, याची चर्चा भरपूर होते. वाफ यंत्रापर्यंत कोरडी पोहोचेल की नाही हे ठरवणारी स्टीम ट्रॅप, स्ट्रेनर, सेपरेटर, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, एअर व्हेंट ही छोटी उपांगे मात्र खरेदीच्या यादीत शेवटी येतात आणि पाइपाचे माप पाहून मागवली जातात. माझ्या मते खानदेशातल्या वाफेच्या यंत्रणांचा बेभरवसा इथूनच सुरू होतो. आपले उद्योग हंगामी आहेत, आणि उपांगांची निवड हंगामाच्या सर्वांत कठीण तासाकडे पाहून व्हायला हवी. तो तास थंड लाइन तापवण्याचा.

वाफ काम कसे करते ते आधी पाहू. ७ बार गेज दाबाची वाफ सुमारे १७० अंश सेल्सिअस तापमानाची असते. तिच्यातली प्रत्येक किलोमागे २०४८ किलोज्यूल उष्णता ती पुन्हा पाणी होताना मोकळी होते. म्हणजे यंत्राला उष्णता मिळाली की तिथे पाणी साचणारच, आणि त्या पाण्याला, म्हणजे कंडेन्सेटला, तत्काळ वाट करून देणे हा यंत्रणेचा निम्मा धर्म आहे; वाफ अडवून पाणी सोडण्याचे ते काम स्टीम ट्रॅपचे. मुख्य लाइनीतून वाफ सेकंदाला २५ ते ३० मीटर, म्हणजे ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने धावते. लाइनीच्या झोळात साचलेले पाणी तिने उचलले की ते त्याच वेगाने पुढच्या वळणावर किंवा व्हॉल्व्हवर आदळते. हाच वॉटर हॅमर. त्याने गॅस्केट फुटतात, फ्लँज सुटतात, माणसे भाजतात. हवेचे दुखणे त्याहून छुपे आहे. तांब्याच्या मानाने हवेतून दहा हजार पटींहूनही कमी उष्णता वाहते, त्यामुळे कॉइलच्या आत हवेचा पातळ थर अडकला तरी दाबमापक पुरा दाब दाखवतो आणि माल मात्र तापत नाही. वाळवणीच्या भट्टीत कांदा एका बाजूला ओला राहिला, तर बॉयलरला दोष देण्याआधी एअर व्हेंट तपासावा.

आता त्या कठीण तासाचा हिशोब करू. १०० मिलिमीटर व्यासाची, १०० मीटर लांबीची लाइन घेतली तर नुसते लोखंडच सुमारे १६०० किलो भरते. ते ३० अंशांवरून १७० अंशांवर न्यायला लाखभर किलोज्यूल लागतात, म्हणजे साधारण ५० किलो वाफेचे पाणी होते. लाइन अर्ध्या तासात तापवली तर पाणी ताशी १०० किलोच्या दराने जमते. तीच लाइन नीट लॅगिंग करून, म्हणजे उष्णतारोधक आवरण घालून, चालू ठेवली तर ताशी १२ ते १५ किलोच पाणी निघते. चालू कामापेक्षा सुरुवातीचा भार सहा-सात पट आहे, आणि नेमक्या त्याच वेळी लाइनीतला दाब कमी असल्याने ट्रॅपमधून पाणी ढकलणारा जोरही कमी असतो. बारा महिने अखंड चालणाऱ्या कारखान्यात हा तास क्वचित येतो. आपल्याकडे गाळप हंगाम संपला की लाइन महिनोन्‌महिने थंड पडते, आत गंज धरते. एका पाळीत चालणाऱ्या कारखान्यात तर हा तास रोज सकाळी येतो. चालू भारावर निवडलेला ट्रॅप कागदावर बरोबर असूनही सकाळी पाणी तुंबवतो, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी सुटलेला गंज स्ट्रेनर नसलेल्या ट्रॅपच्या तोंडात जाऊन बसतो.

निवडीचे नियम यातूनच निघतात. मुख्य लाइनीला वाफेच्या दिशेने शंभरात एक इतका उतार, दर ३० ते ५० मीटरवर पाणी गोळा करणारा कप्पा, आणि त्याखाली थर्मोडायनॅमिक ट्रॅप. हा ट्रॅप आडदांड असतो, पाण्याचा धक्का सोसतो. कॉइल, भट्टी, हीट एक्स्चेंजर यांच्यावरचा भार सतत बदलतो. तिथे पाणी येईल तसे सोडणारा, हवाही काढणारा फ्लोट ट्रॅप हवा, आणि तो प्रत्येक यंत्राला स्वतंत्र. तीन यंत्रांना मिळून एक ट्रॅप दिला की जास्त दाबाचे यंत्र कमी दाबाच्या यंत्राचे पाणी अडवते. फ्लोट ट्रॅपच्या बाबतीत पाइपाचे माप खास फसवते. बाहेरून सारखेच दिसणारे ट्रॅप आत वेगवेगळ्या दाबाच्या तोंडांचे असतात. साडेचार बारसाठीचा ट्रॅप दहा बारच्या लाइनीवर बसवला तर फ्लोटला ते तोंड उघडताच येत नाही. आडव्या लाइनीतला स्ट्रेनर जाळी खाली करून बसवला तर तिथेच पाण्याचे डबके होते, म्हणून तो कुशीवर बसवायचा. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह वाफेच्या गरजेइतकाच घ्यावा. पाइपाइतका मोठा घेतला तर तो जेमतेम उघडतो आणि ओली वाफ त्याची सीट कापून काढते. त्याच्या आधी सेपरेटर हवा, आणि पुढे पुरा प्रवाह सोडू शकेल असा सेफ्टी व्हॉल्व्ह.

कायदा यातले किती सांभाळतो? १९२३ च्या बॉयलर कायद्याने आणि त्याखालच्या १९५० च्या नियमावलीने चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोपेक्षा जास्त दाबाची लाइन आपल्या कक्षेत घेतली आणि तिच्यावरच्या फिटिंगला प्रमाणपत्र सक्तीचे केले. २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा बॉयलर कायदा केला. प्रमाणपत्र सांगते की वस्तू त्या दाबाला फुटणार नाही, आणि जिवाच्या सुरक्षेसाठी ते अत्यावश्यक आहे. ती वस्तू त्या जागी योग्य आहे की नाही, हे मात्र कारखान्यालाच ठरवावे लागते.

यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला इंधनाचा: कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ब्रिकेट, बगॅस, भुसा परिसरातच मिळतो, मग ट्रॅपवर पैसे घालण्यापेक्षा ट्रॅपला वळसा घालणारा बायपास थोडा उघडा ठेवलेला काय वाईट? ७ बारच्या लाइनीवरचे ३ मिलिमीटरचे एक भोक तासाला सुमारे २५ किलो वाफ सोडते, दिवसाला ६०० किलो. अशी दहा भोके म्हणजे रोज सहा टन वाफ. शिवाय बायपास सकाळच्या भाराला कमी पडतो आणि दुपारी वाफ उधळतो, कारण भार ओळखण्याची सोय त्यात नाही. वाफेसोबत जाते ते मऊ केलेले, गरम पाणी, आणि उन्हाळ्यात बोअर तळ गाठणाऱ्या या मुलखात पाण्याला इंधनाहून वेगळे मोल आहे. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढले की इंधन सुमारे एक टक्का वाचते. ३० अंशांच्या ताज्या पाण्याऐवजी ९० अंशांचे कंडेन्सेट परत आणले तर बचत दहा टक्क्यांच्या घरात जाते.

दुसरा आक्षेप उन्हाचा. जळगावचा मे महिना ४५ अंशांना भिडतो, तिथे लॅगिंग कशाला? पण १७० अंशांच्या लाइनीसमोर ४५ अंशही थंडच आहेत. हिवाळ्यातल्या २० अंशांच्या तुलनेत तापमानातला फरक १५० वरून १२५ वर येतो, म्हणजे उष्णतेची गळती जेमतेम सहाव्या हिश्शाने घटते. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: जागोजागी वेगळे ट्रॅप ठेवले तर स्टोअरमध्ये सुटे भाग किती ठेवायचे, आणि तालुक्याच्या ठिकाणी रात्री नादुरुस्ती झाली तर ते आणायचे कोठून? हे खरे आहे. म्हणून प्रकार दोन-तीनच ठेवावेत, मापे मोजकी ठेवावीत. पण सोयीसाठी एकच ट्रॅप सगळीकडे लावला तर चुकीच्या जागी तो वारंवार बदलावा लागतो, आणि स्टोअरची वाचवलेली मेहनत फिटरच्या अंगावर येते.

म्हणून खरेदीच्या कागदावर पाइपाच्या मापाआधी चार गोष्टी लिहिल्या जाव्यात: जास्तीत जास्त दाब, मागचा दाब, चालू भार आणि सुरुवातीचा भार. प्रत्येक ट्रॅपला क्रमांक असावा, आणि हंगामाआधी तो तपासल्याची नोंद व्हावी. लाइन कोठे वाजते, कोणता ट्रॅप सकाळी अडतो, हे फिटरला ठाऊक असते. त्याचे म्हणणे निविदेआधी ऐकले जावे. जळगावच्या विद्यापीठात रसायन तंत्रज्ञान शिकवले जाते, खानदेशाच्या तिन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. वाफेच्या लाइनीचा हा हिशोब तिथे प्रत्यक्ष लाइनीवर शिकवता येईल. या सगळ्याचा खर्च बॉयलरच्या किमतीपुढे फार थोडा आहे. लाभ मात्र कारखान्याच्या भिंतीबाहेरही जातो. तोडलेला ऊस, काढलेला कांदा आणि पिकलेली केळी वाट पाहू शकत नाहीत. लाइन बंद पडली की पहिला तोटा माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या पदरात पडतो. त्याच्याशी केलेला खरेदीचा करार पाळायचा, तर वाफेची वाट कोरडी ठेवणे हा त्या कराराचाच भाग मानला पाहिजे.