मुक्त गुलामांची आत्मकथने आणि पालघर परिसरातील लग्नगडी

प्रस्तावना :
महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. तेव्हापासून अमेरिकेतील गुलामांचा प्रश्न मराठी विचारविश्वाला परका राहिलेला नाही. त्या मुक्त गुलामांनी आत्मकथने का लिहिली आणि पालघर परिसरातील वेठबिगारांकडून तसे लेखन का झाले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आत्मकथनामागील प्रेरणा :
गुलामाविषयीची कागदपत्रे मालकाच्या हातची असत. खरेदीखत, हिशेबवही, फरारी गुलामाची जाहिरात यांत गुलाम ही केवळ मालमत्ता होती. आत्मकथन ही त्याविरुद्धची साक्ष होय. इंग्लंडमध्ये गुलामांच्या व्यापारावर वाद चालू असताना 1789 साली ओलाउदा इक्वियानो यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. फ्रेडरिक डग्लस यांचे वक्तृत्व ऐकून ते कधीकाळी गुलाम होते यावर श्रोत्यांचा विश्वास बसेना. म्हणून त्यांनी 1845 साली मालकांची व गावांची नावे देऊन आत्मकथन लिहिले. त्यामुळे पुन्हा पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला व त्यांना काही काळ ब्रिटनमध्ये राहावे लागले. हॅरिएट जेकब्स यांनी 1861 साली टोपणनावाने लिहिताना गुलाम स्त्रीवरील लैंगिक अत्याचार उत्तरेकडील स्त्रियांपुढे मांडले. म्हणजेच या लेखनामागे पुरावा देणे, मागे राहिलेल्यांची मुक्ती साधणे आणि स्वतःचे माणूसपण सिद्ध करणे अशा तीन प्रेरणा दिसतात.

पालघर परिसरातील लग्नगडी :
आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी आणि शेजारचा उंबरगाव या भागांत लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणारा वारली ‘लग्नगडी’ होत असे. कर्ज फिटेपर्यंत त्याने व त्याच्या पत्नीने मालकाकडे राबावयाचे, अशी ही प्रथा होती. हिशेब मालकाच्याच हाती असल्याने कर्ज फिटत नसे. 1945 साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ व लग्नगडी पद्धती झुगारून दिली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले.

या लढ्याची साक्ष मराठीत आली ती गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) या ग्रंथातून. 1972 साली त्यास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तथापि ती लढ्यातील नेत्याची साक्ष आहे, लग्नगड्याची नव्हे. याचे कारण उघड आहे. डग्लस यांच्या मालकानेही पत्नीला त्यांना अक्षरे शिकविण्यापासून रोखले होते. परंतु ते पुढे चोरून शिकले. शाळेपासून दूर असलेल्या वारल्यांना तीही वाट नव्हती. ‘बलुतं’ (1978) व ‘उपरा’ (1980) या आत्मकथनांचे लेखक शिक्षण घेतलेल्या पिढीचे होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

निष्कर्ष :
अनुभव कितीही दारुण असला तरी अक्षर हाती आल्याविना आत्मकथन घडत नाही. अशा वेळी मौखिक साक्ष महत्त्वाची ठरते. अमेरिकेत गुलामगिरी 1865 साली संपली. पुढे 1936 ते 1938 या काळात दोन हजारांहून अधिक माजी गुलामांच्या आठवणी नोंदविण्यात आल्या. मात्र प्रश्न विचारणारे बहुतांशी गोरे असल्याने अनेकांनी हातचे राखून सांगितले, असे अभ्यासक मानतात. 1945 च्या लढ्याला आज आठ दशके लोटली आहेत. प्रत्यक्ष साक्षीदार जवळजवळ उरलेले नाहीत. ज्यांनी आईवडिलांच्या तोंडून ती हकीकत ऐकली, ती पिढीही वृद्ध झाली आहे. पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील महाविद्यालयांत आज आदिवासी घरांतील मुले-मुली शिकत आहेत. आजीआजोबांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारण्याची क्षमता प्राध्यापकापेक्षा या विद्यार्थ्यांजवळ अधिक आहे. भाषा व इतिहास विभागांनी प्रकल्पकार्यासाठी हा विषय घेतल्यास, मालकाच्या वहीत केवळ कर्जाची रक्कम म्हणून उरलेल्या माणसांची बाजू त्यांच्या नातवंडांच्या हातून लिहिली जाऊ शकेल.