बीटाकॅम बंद का पडतो?

१९८२ मध्ये सोनीने अर्ध्या इंची टेपचा बीटाकॅम हा व्हिडिओ कॅमेरा आणला. असा जुना कॅमेरा कपाटातून काढलात आणि चित्रावर रेघा, ठिपके दिसले, तर आधी टेप जिच्यावरून फिरते त्या ड्रमच्या हेडवरचा मळ तपासा. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेलं शॅमॉय कातडं ड्रमला टेकवून ड्रम हाताने हळू फिरवायचा. वर-खाली घासलं तर नाजूक हेड तुटतं.

चित्र स्वच्छ, पण आवाज गेला किंवा व्ह्यूफाइंडर अंधुक झाला, तर संशय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. त्यांतला द्रव गळून बोर्डावरचं तांबं खातो. कपॅसिटर बदलण्याचं काम अनुभवी कारागिराचंच.

पावसाळ्यात ओल्या ड्रमला टेप चिकटते. म्हणून कॅमेरा कोरडा होईपर्यंत कॅसेट घालू नका.