‘इकॉलॉजी’ म्हणजे घरची परिस्थिती

वृक्षारोपण झाले की ‘इकॉलॉजी सुधारली’ आणि नाल्याला फेस आला की ‘इकॉलॉजी बिघडली’, असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः इकॉलॉजी हे एका शास्त्राचे नाव होय. भूगोल जसा बिघडत नाही, तशी तीही बिघडत नाही; बिघडते ते तिच्या अभ्यासाचा विषय असलेले घर. अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये ‘ओइकोस’, म्हणजे घर, या ग्रीक शब्दावरून हे नाव घडविले. (‘इकॉनॉमी’चे मूळही तेच; पण या दोघी सख्ख्या बहिणींचे फारसे पटत नाही.) मराठीत तिला परिस्थितिविज्ञान म्हणतात. शब्द जड खरा. परंतु ‘घरची परिस्थिती’ हे आपले रोजचे शब्द आठवले की अर्थ उलगडतो. घरात कोण कोण आहे आणि कोण कोणाच्या आधारावर जगतो?

आपल्या किनाऱ्यावरच्या खाडीचे घर पाहा. तिवरांची पाने चिखलात पडून कुजतात. त्यावर कोळंबीची पिल्ले आणि बोय पोसतात, त्यांना जिताडा खातो आणि जिताड्यासाठी मांगेला कोळी जाळे लावतो. अशा खाडीत कारखान्यांचे सेंद्रिय सांडपाणी शिरले, की ते कुजविणारे जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवितात. मासे नेहमी विषानेच मरतात असे नाही. पुष्कळदा ते गुदमरतात. हा दुवा शोधणे म्हणजे इकॉलॉजी. किनारा झाडून काढणे चांगलेच, पण ती स्वच्छता.

हा शब्द कायद्यातही आला आहे. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका ‘पारिस्थितिकदृष्ट्या नाजूक’ म्हणून अधिसूचित केला. घराला अंगणही असते हे ओळखून तालुक्याभोवतीचा २५ किलोमीटरचा पट्टाही राखला. तारापूरची औद्योगिक वसाहत मात्र त्याआधीपासूनच वाणगावच्या पुढच्याच स्टेशनाजवळ, बोईसरला, उभी होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तिचा निर्देशांक शंभरापैकी ९३.६९ आला, देशात सर्वांत वर.

वसाहतीचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात जाते. त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे वर सांगितलेल्या घरातली शेवटची पंगत. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना नुकसानभरपाई भरण्याचा आदेश दिला.