आलिशान वेगवान सेडान बंद का होते? : शेंद्र्याची ऑक्टाव्हिया आणि मोटारमालकाचा दृष्टिकोन

प्रस्तावना

मराठीत गाडी 'बंद पडणे' आणि गाडी 'बंद होणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवर गावातील मेकॅनिक उपाय करू शकतो. दुसरीवर मालकाच्या हाती काहीच नसते. त्याची गाडी दारात उभी असते, चालूही असते, परंतु ज्या कारखान्यातून ती आली तेथे तिची जागा रिकामी झालेली असते. या दुसऱ्या प्रकाराची कारणमीमांसा बहुधा कंपनीच्या किंवा बाजारपेठेच्या बाजूने केली जाते. प्रस्तुत लेखात ती मालकाच्या बाजूने करण्याचा प्रयत्न आहे.

या विषयाकडे लक्ष वळण्याचे कारण घरगुती आहे. जळगावजवळील आसोदा येथे हिवाळ्यात भरिताच्या पंगती बसतात. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात असताना शेतमालाचे भाव, रस्ते आणि गाड्या याच विषयांवर बोलणे होते. अशाच एका संध्याकाळी माझ्या मामांनी त्यांच्या सेडानचा प्रश्न मांडला. गाडी एका परदेशी कंपनीची. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. ऐन वैशाखात तिच्या स्वयंचलित गिअरबॉक्सने असहकार पुकारला. आवश्यक तो भाग येईपर्यंत गाडी कित्येक आठवडे उभी राहिली आणि मधल्या काळात ते मॉडेलच बंद झाल्याचे समजले. गाडी विकावी की ठेवावी, हा मामांचा प्रश्न होता. पंगतीतील प्रत्येकाने उत्तर दिले, पण मॉडेल बंद का झाले हे कोणालाच सांगता आले नाही. 'गाडी चांगली नसेल म्हणून बंद केली असेल', हे त्यातल्या त्यात सर्वमान्य उत्तर होते. ते अपुरे आहे, हे दाखविण्यासाठी आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातील एक उदाहरण पुरेसे आहे.

शेंद्र्यातील बावीस वर्षे

जळगावहून पहूर, फर्दापूर आणि अजिंठ्याचा घाट ओलांडून आपण औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) पोहोचतो. तेथून जालना रस्त्याला लागले की शेंद्रा औद्योगिक वसाहत येते. झेक प्रजासत्ताकातील म्लादा बोलेस्लाव येथील श्कोडा कंपनीने, जिचा उच्चार आपल्याकडे 'स्कोडा' असाच रूढ झाला आहे, २००१ मध्ये येथे ऑक्टाव्हियाच्या जुळणीस प्रारंभ केला. भाग युरोपातून यायचे आणि गाडी मराठवाड्यात उभी राहायची.

तत्पूर्वी भारतीय रस्त्यावरील 'मोठी गाडी' म्हणजे कॉन्टेसा. ब्रिटनमधील व्हॉक्सहॉलच्या जुन्या सांगाड्यावर बेतलेली ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये आणली आणि २००२ मध्ये बंद केली. तिचा डौल मोठा आणि तहानही मोठी. ऑक्टाव्हियाने मात्र असा योग जुळवून आणला की, जाड पत्र्याची, दार लावल्यावर भारदस्त आवाज करणारी युरोपीय सेडान १.९ लिटरच्या डिझेल इंजिनावर काटकसरीने धावू लागली. डॉक्टर, कंत्राटदार, कापसाचे व्यापारी आणि मोठे बागायतदार या वर्गाला ती का भावली, हे समजण्यासाठी इंधनाच्या दराकडे पाहावे लागते. त्या काळी पेट्रोल व डिझेल यांच्या दरांत मोठे अंतर होते आणि ते सरकारी धोरणाने राखलेले होते. पेट्रोल जून २०१० मध्ये, तर डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. म्हणजे आलिशान डिझेल सेडानच्या मालकाला, तो मानो अथवा न मानो, दशकभर या धोरणाचा आधार होता.

वेगाची आवड असलेल्यांसाठी कंपनीने २००४ मध्ये टर्बो पेट्रोल इंजिनाची १५० अश्वशक्तीची आर. एस. आवृत्ती आणली. पुढे २००५ मध्ये दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया आली, ती 'लॉरा' या नावाने. आणि जुनी ऑक्टाव्हियाही २०१० पर्यंत शेजारी विकली जात राहिली. नावांचा हा घोळ कमी होता म्हणून की काय, २०११ च्या लॉरा व्ही. आर. एस. मध्ये साध्या लॉराचेच १.८ लिटरचे १६० अश्वशक्तीचे इंजिन दिले गेले. स्पोर्ट्सचा साज होता, इंजिन मात्र तेच होते. जाणकार मालकांनी ही बाब विसरलेली नाही. २०१३ मध्ये ऑक्टाव्हिया हे नाव परतले, सोबत १४३ अश्वशक्तीचे डिझेल व १८० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिनही आले. २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची आर. एस. आली. चौथी पिढी जून २०२१ मध्ये आली आणि २०२३ मध्ये ऑक्टाव्हियाची येथील विक्री थांबली. या काळात भारतात एक लाखाहून अधिक ऑक्टाव्हिया विकल्या गेल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ऑक्टाव्हिया जगात बंद झालेली नाही. युरोपात ती आजही या कंपनीच्या प्रमुख गाड्यांपैकी एक आहे. ती बंद झाली ती आपल्यापुरती. गाडीच वाईट होती, हे आसोद्याच्या पंगतीतील उत्तर येथेच निकालात निघते.

नियम आणि भागाकार

उत्पादन थांबण्याच्या कारणांत प्रदूषणाच्या नियमांचा उल्लेख नेहमी होतो, पण ते नेमके कसे काम करतात हे क्वचितच सांगितले जाते. १ एप्रिल २०२० पासून भारतात 'भारत स्टेज ६' ही मानके लागू झाली. डिझेल इंजिनात काजळी अडविणारी गाळणी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी यंत्रणा बसविणे त्यामुळे खर्चिक झाले आणि स्कोडाने भारतात डिझेल गाड्या विकणेच थांबविले. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला. तोपर्यंत गाडीची निर्णायक परीक्षा प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून होत असे. आता धूर मोजणारे उपकरण गाडीवरच बसवून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन मर्यादेत आहे हे सिद्ध करणे भाग पडले. शिवाय, उत्सर्जन नियंत्रक भागांवर गाडीनेच सतत लक्ष ठेवावे, अशीही अट आली.

हे तंत्रज्ञान युरोपीय कंपनीला अवघड नव्हते. प्रश्न भागाकाराचा होता. एक काल्पनिक हिशेब करू. समजा, एका मॉडेलला नव्या नियमात बसविण्याची जुळवाजुळव, चाचण्या आणि प्रमाणपत्रे यांचा खर्च ५ कोटी रुपये आला. ते मॉडेल ५०,००० विकले जाणार असेल, तर प्रत्येक गाडीवर १,००० रुपयांचा भार पडतो. १,००० च विकले जाणार असेल, तर ५०,००० रुपयांचा. पहिला ग्राहकाला कळतही नाही, दुसरा किमतीत दिसतो आणि विक्री आणखी घटवितो. कमी खपाच्या गाड्यांवर नियमांचा वार असा दुहेरी होतो.

कराचाही भाग आहेच. २०१७ च्या वस्तू व सेवा कर रचनेत १,५०० घनसेंटीमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सेडानवर अधिभारासह एकूण ४८ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. पूर्ण तयार आयात गाडीवरील सीमाशुल्क तर २०२३ च्या अर्थसंकल्पात कमी किमतीच्या वर्गासाठीही ६० वरून ७० टक्क्यांवर गेले. शेंद्र्यातील जुळणीचे सारे प्रयोजनच हे शुल्क टाळण्याचे होते. सुटे करून आणलेल्या गाडीवर शुल्क कमी, सुट्या भागांवर त्याहून कमी. या दोहोंतील सीमारेषा कोठे आहे, यावरून स्कोडा-फोक्सवॅगन समूह व सीमाशुल्क विभाग यांच्यातील १.४ अब्ज डॉलरचा वाद २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला होता, यावरून या रेषेचे मोल कळते.

ऑक्टाव्हिया एकटी गेली नाही. टोयोटाची कोरोला अल्टिस २०२० मध्ये नव्या मानकांच्या वेळी थांबली. होंडाने डिसेंबर २०२० मध्ये ग्रेटर नोएडातील मोटार उत्पादन बंद केले आणि सिव्हिक गेली. ह्युंदाईची एलांट्रा २०२२ मध्ये गेली. एकेका गाडीचे दोष शोधत बसण्यापेक्षा वर्गच का रिकामा झाला, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

मालकाचा हिशेब

आणि येथे मालक स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात येतो. सेडान बंद झाल्याची सर्वाधिक हळहळ ज्यांनी व्यक्त केली, त्यांतील अनेकांनी स्वतःची पुढची गाडी सेडान घेतलेलीच नाही. २०२३-२४ पर्यंत देशातील प्रवासी वाहनांच्या विक्रीत उंच, युटिलिटी प्रकारच्या वाहनांचा वाटा निम्म्याहून अधिक झाला होता. याला केवळ फॅशन म्हणून हिणवणे योग्य नाही. जळगाव जिल्ह्यात राहणारा माणूस पावसाळ्यात शेतरस्त्याने जातो, गावागावांतील उंच गतिरोधक ओलांडतो, वर्षानुवर्षे काम चाललेल्या महामार्गावरून प्रवास करतो. बुटक्या सेडानचे पोट खरवडल्याचा आवाज ज्याने एकदा ऐकला, तो पुढच्या वेळी उंच गाडीच पाहतो. सासू-सासऱ्यांना बसता-उठताना होणारा त्रास हेही कारण आहे, आणि कोणत्याही कंपनीच्या अहवालात ते अशा शब्दांत येत नाही.

दुसरी बाब डिझेलची. खानदेशातून मुंबई-पुण्याला नियमित ये-जा करणाऱ्याला वर्षाचे अंतर मोठे पडते. त्याच्यासाठी ऑक्टाव्हिया म्हणजे डिझेल ऑक्टाव्हिया. २०२१ ची चौथी पिढी केवळ २ लिटर पेट्रोल इंजिनात, १९० अश्वशक्तीची, २५.९९ लाख रुपयांपासून पुढे आली. गाडी निःसंशय उत्तम होती, पण जुन्या मालकाच्या वहीतील एकही आकडा तिच्याशी जुळत नव्हता. माझ्या मते ऑक्टाव्हियाचा खरा शेवट २०२३ मध्ये नव्हे, तर २०२० मध्ये झाला. पुढची तीन वर्षे हा निरोपसमारंभ होता.

तिसरी बाब खालून आली. २०२२ मध्ये याच कंपनीने पुण्याजवळील चाकण येथे बनलेली स्लाव्हिया बाजारात आणली. भारतासाठी रचलेल्या सांगाड्यावरील, बहुतांश देशी भागांची ही सेडान १०.६९ लाख रुपयांपासून मिळू लागली. तिच्या १.५ लिटर इंजिनाची १५० अश्वशक्ती ही जुन्या आर. एस. इतकीच. ज्याला वेगवान स्कोडा हवी होती त्याला ती बऱ्याच कमी किमतीत मिळाली, आणि ज्याला मोठेपणा हवा होता तो उंच गाडीकडे गेला. मधल्या पायरीवर कोणी उरले नाही.

सुट्या भागांचा प्रश्न

मामांच्या प्रश्नाकडे परत यावयाचे, तर मॉडेल बंद झाल्यावर मालकाला सर्वांत मोठी भीती सुट्या भागांची वाटते. ती रास्त आहे, पण सरसकट नाही. आधुनिक गाडी ही एका कुटुंबाची सदस्य असते. तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचा सांगाडा आणि इंजिनांचा वंश सुपर्ब, कोडियाक, टिग्वान या गाड्यांशी जोडलेला आहे. त्यामुळे फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शन, क्लच, इंजिनातील बहुतेक भाग यांचा पुरवठा ही भावंडे बाजारात असेपर्यंत अडत नाही. अडते ते केवळ त्याच मॉडेलचे असलेले: पुढचा दिवा, बंपर, मागची काच, दाराची पट्टी. म्हणजे इंजिन बिघडल्यापेक्षा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने दिवा फोडला तर बंद झालेल्या गाडीचा मालक अधिक अडचणीत येतो. विमा उतरविताना ही गोष्ट लक्षात ठेवणारे फार थोडे.

पुनर्विक्रीचा भावही असाच दुभंगतो. साध्या आवृत्तीचा भाव बंद झाल्याच्या बातमीने घसरतो. दुर्मीळ आवृत्तीचा टिकतो. ज्याची गाडी सामान्य आहे त्याने ती लवकर विकावी किंवा पंधरा वर्षांची नोंदणी संपेपर्यंत वापरावी. मधल्या काळात विकण्यात तोटा सर्वाधिक. मामांना मी हेच सांगितले. त्यांनी गाडी ठेवली, आणि एका भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचे दोन पुढचे दिवे आधीच आणून माळ्यावर ठेवले आहेत.

दरम्यान आर. एस. परत आली, परंतु वेगळ्या रूपात. २०१८ पासून वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या येथील स्वतंत्र प्रमाणीकरणाविना आयात करण्याची मुभा आहे. तिचा लाभ घेऊन २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या २०० गाड्या ३५.९९ लाख रुपयांना आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीच्या १०० गाड्या ४९.९९ लाखांना आल्या आणि किंमत जाहीर होण्यापूर्वीच त्यांची नोंदणी संपली. २०१७ मध्ये याच नावाची गाडी २४.६२ लाखांना मिळत होती. शंभर गाड्यांपैकी एखादी मुंबईहून निघून अजिंठ्याच्या घाटातून खानदेशात उतरलीच, तर तिच्या वाटेपासून शेंद्र्याची वसाहत फार लांब नसेल, पण तिचा एकही भाग तेथे जोडलेला नसेल.