मरीना बे सँड्स : वास्तू, मुक्काम आणि जुगाराचे गणित

सिंगापूरच्या मरीना उपसागराच्या काठी उभे असलेले मरीना बे सँड्स हे जगातील सर्वाधिक ओळखीच्या हॉटेलांपैकी एक आहे. तरी त्याला केवळ हॉटेल म्हणणे अपुरे ठरते आणि केवळ कॅसिनो म्हणणे चुकीचे. सिंगापूरच्या शासनाने त्याच्यासाठी ‘एकात्मिक रिसॉर्ट’ ही संज्ञा रूढ केली. जुगाराचे दालन, निवासाच्या खोल्या, संमेलने व प्रदर्शने यांसाठीची सभागृहे, नाट्यगृह, वस्तुसंग्रहालय, दुकाने आणि भोजनगृहे ही सर्व एकाच मालकाच्या संकुलात असावीत, मात्र त्यांत जुगाराच्या वाट्याला जागेचा अगदी लहान हिस्सा यावा, अशी त्यामागील कल्पना आहे. तेथे मुक्काम करावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर या रचनेतच सापडते. संकुलातील बहुतेक गोष्टी साऱ्या शहराला खुल्या आहेत, खोलीचे भाडे भरणाऱ्यालाच मिळेल अशी महत्त्वाची गोष्ट जवळजवळ एकच आहे, आणि सर्वांचा खर्च मुख्यतः ज्या दालनातून निघतो तेथे पाऊल न ठेवताही संकुल पुरेपूर पाहता येते.

सिंगापूरने कॅसिनोला अनेक दशके ठाम नकार दिला होता आणि राष्ट्राचे शिल्पकार ली क्वान यू यांचाही त्याला दीर्घकाळ विरोध होता. पर्यटनातील स्पर्धा वाढत गेली तशी भूमिका बदलली आणि १८ एप्रिल २००५ रोजी पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी संसदेत दोन एकात्मिक रिसॉर्टांना मान्यता देण्याचा निर्णय जाहीर केला. धार्मिक संस्था आणि नागरिक यांच्यात त्यावर बराच वाद झाला, तरी २००६ मध्ये कॅसिनो नियंत्रण कायदा झाला. पहिले रिसॉर्ट सेंटोसा बेटावर २०१० च्या सुरुवातीला खुले झाले, तर लास व्हेगास सँड्स या अमेरिकी कंपनीने उभारलेल्या मरीना बे सँड्सचा पहिला टप्पा २७ एप्रिल २०१० रोजी खुला झाला. जुगाराच्या दालनाला १५,००० चौरस मीटरची मर्यादा मूळ अटींतच घालण्यात आली होती. एकूण बांधकामाशी तुलना करता ती शेकडा तीनपेक्षाही कमी भरते. उत्पन्नाचे चित्र मात्र नेमके उलटे आहे, कारण संकुलाच्या महसुलात कॅसिनोचा वाटा दोनतृतीयांशांहून अधिक असतो.

गोव्याशी परिचित असलेल्या वाचकाला यातला फरक सहज जाणवेल. पणजीला मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजांवर जुगार हाच मुख्य व्यवसाय असून जेवण व करमणूक त्याच्या जोडीला येतात. मरीना बे येथे कायद्यानेच हा क्रम उलटा केला आहे. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोविषयक कायदा संमत झाला होता, परंतु तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्दच केला. त्यामुळे कॅसिनो जवळून पाहण्याची मराठी पर्यटकाची पहिली संधी पुष्कळदा राज्याबाहेर किंवा देशाबाहेरच येते.

वास्तू म्हणून मरीना बे सँड्सकडे सवडीने पाहावे, इतकी तिची योग्यता निश्चितच आहे. वास्तुरचनाकार मोशे साफ्दी यांचे नाव कॅनडातील मॉन्ट्रियलच्या ‘हॅबिटॅट ६७’ या गृहरचनेमुळे जगभर झाले आणि सिंगापूरच्या चांगी विमानतळावरील प्रसिद्ध ‘ज्युएल’ हे संकुलही त्यांचेच आहे. संकुल ज्या जमिनीवर उभे आहे ती समुद्रात भराव घालून मिळवलेली आहे. समोरचे पाणीही आता समुद्राचे राहिलेले नाही, कारण २००८ मध्ये बांधलेल्या बंधाऱ्यामुळे उपसागराचे रूपांतर गोड्या पाण्याच्या जलाशयात झाले. हजारो खोल्यांसाठी एकच अखंड इमारत बांधली असती तर शहर आणि समुद्र यांच्यामध्ये भिंत उभी राहिली असती. साफ्दी यांनी त्याऐवजी ५५ मजल्यांचे तीन मनोरे योजले आणि त्यांच्यामधील फटींतून शहराला आकाश व समुद्र दिसत राहील अशी व्यवस्था केली. जमिनीवर मोठ्या बागेला जागा उरली नाही, तेव्हा बागच माथ्यावर नेण्यात आली. तिन्ही मनोऱ्यांवर आडवी टेकवलेली सुमारे ३४० मीटर लांबीची ही गच्ची ‘स्कायपार्क’ या नावाने ओळखली जाते.

या रचनेतील अवघड भाग बाहेरून चटकन लक्षात येत नाही. प्रत्येक मनोरा वस्तुतः दोन भागांचा असून त्यांतील एक भाग दुसऱ्यावर रेलून उभा आहे. काही ठिकाणी हा कल उभ्या रेषेपासून २६ अंशांपर्यंत जातो आणि २३ व्या मजल्याच्या सुमारास दोन्ही भाग एकमेकांना मिळतात. त्यांच्यामध्ये तळाशी जी उंच, निमुळती होत जाणारी पोकळी निर्माण झाली तेच हॉटेलचे प्रवेशदालन होय. तेथे उभे राहून वर नजर टाकली, तर दोन्ही बाजूंच्या मजल्यांचे सज्जे हळूहळू जवळ येत मिटताना दिसतात. संकुलात राहणाऱ्यालाच नव्हे, तर कोणालाही विनामूल्य घेता येणारा हा अनुभव घाईघाईने खोलीची किल्ली घेणाऱ्यांकडून बहुधा निसटतो. उंच इमारती वाऱ्याने किंचित डोलतात आणि तिन्ही मनोरे एकाच तालात डोलणे शक्य नसते. म्हणून स्कायपार्क अखंड न ठेवता मनोऱ्यांच्या मधल्या जागी त्याला सरकते सांधे दिले आहेत आणि तरणतलावाच्या पोलादी टाक्यांनाही हीच सवलत ठेवली आहे. स्कायपार्कचे उत्तरेकडील टोक सुमारे ६५ मीटर लांबीपर्यंत खाली कोणताही आधार न घेता हवेत पुढे आलेले असून सर्वांसाठी तिकीट लावून खुला असलेला निरीक्षण सज्जा त्यावरच आहे.

ज्या एका गोष्टीसाठी लोक येथे खोली घेतात ती म्हणजे ५७ व्या मजल्यावरचा, सुमारे १५० मीटर लांबीचा तरणतलाव. ‘इन्फिनिटी पूल’ म्हणजे ज्याची एक कड पाण्याच्या पातळीवरच ठेवलेली असते असा तलाव. पाणी कडेवरून अखंड ओघळते, खालच्या पन्हळीत जमा होते आणि पुन्हा वर चढवले जाते, त्यामुळे पोहणाऱ्याला तलावाची सीमा न दिसता पाणी थेट क्षितिजाला भिडल्याचा भास होतो. कडेपलीकडे सरळ कोसळता येईल अशी भीती अनेकांना वाटते, परंतु खाली पन्हळीचा रुंद पट्टा असतो. या तलावात फक्त हॉटेलात उतरलेल्यांनाच प्रवेश आहे आणि निरीक्षण सज्ज्याचे तिकीट काढूनही तेथे जाता येत नाही. तलावाचे तोंड शहराकडे, म्हणजे साधारणपणे पश्चिमेला आहे. म्हणून सूर्यास्ताच्या वेळी तेथे छायाचित्रे काढणाऱ्यांची एवढी दाटी होते की पोहणे बाजूलाच राहते. सकाळी लवकर गेल्यास गर्दी कमी असते आणि उगवतीचे ऊन समोरच्या उत्तुंग इमारतींवर पडलेले दिसते. तलावाचा खरा आनंद सकाळीच आहे, असे निःसंकोच म्हणता येईल. विजा चमकू लागल्या की तलाव रिकामा करावा लागतो आणि विषुववृत्ताजवळच्या या शहरात दुपारनंतरची वादळी सर नवी नाही. एकाच रात्रीचा मुक्काम असणाऱ्याने म्हणूनच तलाव ‘नंतर पाहू’ म्हणून लांबणीवर टाकू नये.

खोल्यांची संख्या सुरुवातीला अडीच हजारांहून अधिक होती. अलीकडच्या नूतनीकरणात अनेक खोल्या एकत्र करून प्रशस्त दालने करण्यात आल्याने ती सुमारे १,८५० वर आली आहे. खोली निवडताना कोणत्या दिशेची, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. शहराकडील खोल्यांतून जलाशय व व्यापारी भागाचे दिवे दिसतात, तर दुसऱ्या बाजूच्या खोल्यांतून ‘गार्डन्स बाय द बे’ हे विस्तीर्ण उद्यान आणि त्यापलीकडे नांगरलेली मालवाहू जहाजे दिसतात. शहराचे दृश्य स्कायपार्कवरून कसेही पाहायला मिळतेच. त्यामुळे दुसरी बाजू निवडणाऱ्याला दोन्ही दृश्ये लाभतात. इतक्या मोठ्या हॉटेलात आपुलकीच्या, वैयक्तिक आतिथ्याची अपेक्षा करणे मात्र योग्य नाही. दुपारी तीनच्या सुमारास, खोल्या ताब्यात मिळण्याच्या वेळी, स्वागतकक्षासमोर रांग लागते. शांतता आणि जुन्या वळणाचे अगत्य हवे असणाऱ्याने याच शहरातील एखादे लहान वारसा-हॉटेल निवडावे, हे अधिक शहाणपणाचे.

भाड्याविषयी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. सिंगापूरमध्ये हॉटेले व भोजनगृहे अनेकदा किमतीपुढे अधिकाची दोन चिन्हे छापतात. त्यांचा अर्थ असा की छापील रकमेवर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जाईल. म्हणजे ८०० सिंगापूर डॉलरची खोली प्रत्यक्षात ९५९ डॉलरच्या पुढे जाते. फॉर्म्युला वन मोटारशर्यत याच भागातील रस्त्यांवर रात्री होते आणि त्या आठवड्यात, तसेच वर्षअखेरीस, भाडी कमालीची चढतात. या साऱ्याचा विचार करता, सिंगापूरच्या पाच-सहा दिवसांच्या सहलीत येथे आठवड्याच्या मधली एकच रात्र घेऊन उरलेला मुक्काम मेट्रोजवळच्या साध्या हॉटेलात करणे बहुतेक कुटुंबांना परवडणारे आणि पुरेसेही आहे.

कारण उरलेले बरेच काही खोली न घेताही मिळते. रोज रात्री जलाशयाच्या काठी होणारा ‘स्पेक्ट्रा’ हा पाणी व प्रकाशाचा कार्यक्रम विनामूल्य असतो आणि मागील उद्यानातील पोलादी महावृक्षांवरचा दिव्यांचा व संगीताचा कार्यक्रमही तसाच. दोन्ही एका संध्याकाळी पायी जाऊन पाहता येतात. कमळाच्या आकाराच्या, दहा पाकळ्यांच्या कला-विज्ञान संग्रहालयाचे छत मधोमध खोलगट असून त्यातून पावसाचे पाणी आत धबधब्यासारखे पडते; प्रदर्शनांना तिकीट असले तरी इमारत बाहेरून पाहण्यासारखी आहेच. दुकानांच्या भागातील कृत्रिम कालवा व त्यातील नौकाविहार यांत मात्र विशेष असे काही नाही.

आता जुगाराच्या दालनाविषयी. लास व्हेगासमधील अनेक जुन्या हॉटेलांत खोलीकडे जाण्याची वाटच जुगाराच्या टेबलांमधून काढलेली असते, तर येथे कॅसिनोला स्वतंत्र, पहारा असलेली प्रवेशद्वारे आहेत आणि मुलाबाळांसह राहणाऱ्या कुटुंबाचा त्याच्याशी संबंधही येत नाही. २१ वर्षांखालील कोणालाही आत प्रवेश नाही. परदेशी पर्यटकाला मूळ पासपोर्ट दाखवून विनाशुल्क जाता येते. सिंगापूरचे नागरिक व कायम रहिवासी यांना मात्र चोवीस तासांसाठी १५० डॉलर किंवा वर्षासाठी ३,००० डॉलर शुल्क भरावे लागते. त्यामुळे मुंबईहून आलेला धाकटा भाऊ फुकट आत जातो आणि तेथे कायम रहिवासी झालेल्या थोरल्याला दीडशे डॉलर मोजावे लागतात, असे एकाच मराठी कुटुंबात घडू शकते. आपल्या माणसांना जुगारापासून दूर ठेवण्याचा हा शासनाचा हेतू उघड आहे. त्याच हेतूने कॅसिनोच्या आवारात पैसे काढण्याची यंत्रे ठेवण्यास कायद्याने मनाई आहे, आणि एखाद्या व्यक्तीला स्वतःहून किंवा तिच्या कुटुंबीयांच्या अर्जावरून प्रवेशबंदी करण्याचीही सोय आहे. ही सोय कुटुंबाच्या हाती देणे, हा सिंगापूरच्या कायद्यातील सर्वांत माणुसकीचा भाग आहे.

खेळाचे गणित समजून घेतल्याशिवाय आत जाऊ नये. आपल्याकडच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर डावामागे मालक नाल काढतो, म्हणजे आपला वाटा उघडपणे बाजूला घेतो. कॅसिनोत तो वाटा वेगळा मागितला जात नाही, तर जिंकणाऱ्याला द्यायच्या रकमेतच दडवलेला असतो. एका शून्याच्या रूलेटचे उदाहरण घ्यावे. फिरत्या चाकावर शून्यासह ३७ खाचा असतात. म्हणजे एका आकड्यावर लावलेली रक्कम जिंकण्याची शक्यता ३७ मध्ये एक, परंतु जिंकल्यावर मिळतात पस्तीस पट. या फरकामुळे लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे सरासरी २.७ डॉलर कॅसिनोकडे राहतात, आणि दोन शून्यांचे चाक असेल तर हा वाटा ५.२६ होतो. आशियात सर्वाधिक खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ बाकारा होय. त्यात ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ अशा दोन बाजूंपैकी कोणाच्या पत्त्यांची बेरीज नऊच्या अधिक जवळ जाईल एवढेच ओळखायचे असते. बँकरच्या बाजूवर कॅसिनोचा वाटा शेकडा १.०६, तर प्लेअरच्या बाजूवर १.२४ इतकाच असतो. मात्र बरोबरी होईल यावर पैसे लावले आणि त्यावर आठ पट मिळत असले, तर तो वाटा एकदम १४ टक्क्यांवर जातो. तासाला साठ डाव आणि प्रत्येक डावाला २५ डॉलर धरले, तर बँकरवर लावणाऱ्याचे सरासरी सोळा डॉलर जातात आणि बरोबरीवर लावणाऱ्याचे दोनशे पंधरा. टेबल तेच, पत्तेही तेच. बलिप्रतिपदेला घरी बसून पत्ते खेळण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, पण तेथे हरलेला पैसा घरातच फिरतो. येथे तो परत येत नाही.

जेवणासाठी संकुलात जगप्रसिद्ध स्वयंपाक्यांची महागडी भोजनगृहे आहेत. पोळी-भाजीची सवय असलेल्या किंवा शाकाहारी प्रवाशाला मात्र खरा दिलासा बाहेर मिळतो. संकुलाच्या खालीच असलेल्या बेफ्रंट स्थानकातून मेट्रोच्या डाउनटाउन मार्गाने गाडी न बदलता चौथ्या स्थानकावर ‘लिटल इंडिया’ येते. तेथे सेरंगून रस्त्यावर १९४७ पासूनचे कोमला विलास हे दाक्षिणात्य शाकाहारी भोजनगृह आहे, आणि दिवाळीच्या दिवसांत हा सारा रस्ता रोषणाईने झळकत असतो. दिवाळीची तेथे सार्वजनिक सुट्टीही असते. त्या सुमारास जाणाऱ्या मराठी कुटुंबाने एक संध्याकाळ या रस्त्यासाठी अवश्य राखून ठेवावी.

पुढील काही वर्षांत जाणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. शासनाने २०३० च्या अखेरपर्यंत तिसऱ्या कॅसिनोला परवाना न देण्याचे मान्य केले असून त्या बदल्यात दोन्ही रिसॉर्टांच्या कंपन्यांनी मोठ्या विस्ताराची हमी दिली आहे. त्यानुसार मरीना बे सँड्सच्या शेजारी चौथ्या मनोऱ्याच्या बांधकामाचा प्रारंभ जुलै २०२५ मध्ये झाला. साफ्दी यांनीच आखलेल्या या ५५ मजली मनोऱ्यात ५७० प्रशस्त दालने असतील आणि त्याच्या जोडीला १५,००० आसनांचे प्रेक्षागृह होणार आहे. तोवर शेजारी यारी आणि खोदकाम असणारच; म्हणून खोली आरक्षित करताना ती कोणत्या मनोऱ्यात व कोणत्या दिशेला आहे आणि तिच्या खिडकीतून बांधकाम दिसते काय, हे लेखी विचारून घ्यावे.