गॅरेजचे मालक व्हायचे तर दहावी सोडू नका

उस्तादांच्या हाताखाली गाडीकाम शिकणारी मुले दारव्ह्यात आपण पाहतो. हात तयार होतो, पण शाळा सुटते. त्यांच्या पालकांना आमचे सांगणे आहे : मुलाला पुढे मालक करायचे असेल, तर आधी दहावी होऊ द्या.

१९८३ साली मारुती ८०० आली, तेव्हा कार्बोरेटर उघडून आणि इंजिनाला कान लावून दोष सापडत असे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बी.एस.-६ च्या आल्या. त्यांत सेन्सर आणि संगणक इंजिन सांभाळतात. स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक वाचावा लागतो, वायरिंगचा नकाशा समजावा लागतो.

आय.टी.आय.चा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्याला दहावी उत्तीर्ण लागते. पुढे १९६१ च्या कायद्याप्रमाणे विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवारी करता येते, एस.टी.च्या कार्यशाळाही असे उमेदवार घेतात.

दुसरा धडा हिशेबाचा. समजा, बिल १,२०० रुपयांचे झाले. ७०० चे सुटे भाग, २०० मदतनिसाचे; उरले ३००. त्यातून भाडे, वीज आणि हत्यारांची झीज भागवायची. जो १,२०० लाच कमाई समजतो, तो चांगला कारागीर असूनही कर्जात जातो.

म्हणून आय.टी.आय.च्या दिवसांतच सुट्टीत उस्तादांकडे बसावे, संध्याकाळी जमाखर्चाची आणि उधारीची वही लिहावी. दुकान टाकण्याआधी ही वही लिहिता आली पाहिजे.