जलशोषक दाणे आणि विहिरीचे खारे पाणी

जिराईत पिकाची खरी कसोटी पावसाच्या उघडिपीत लागते. पेरणी साधते, उगवण चांगली होते आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे राहते. अशा वेळी मुळांभोवती थोडी ओल टिकून राहावी म्हणून कोळपणी, आच्छादन, शेणखत हे उपाय शेतकरी पूर्वापार करीत आला आहे. त्यांच्या जोडीला आता जलशोषक दाण्यांचा, म्हणजेच हायड्रोजेलचा, प्रचार होऊ लागला आहे. रव्यासारखे दिसणारे हे दाणे स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पितात, असे जाहिरातीत सांगितलेले असते. हे सांगणे खोटे नाही. मात्र ते कोणत्या पाण्याविषयी आहे याचा उल्लेख तेथे सहसा नसतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांचा जो खारपाणपट्टा आहे, तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने सारा प्रश्न त्या पाण्याचाच आहे.

हे दाणे ज्या पदार्थाचे बनतात त्यास बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात. एकाच प्रकारचे हजारो लहान घटक एकापुढे एक जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात. त्या साखळ्या जागोजागी एकमेकींस बांधलेल्या असतात व त्यांचे एक जाळे बनते. साखळीवर ठिकठिकाणी ऋण विद्युतभार असतो. कोरड्या दाण्यात हे जाळे आवळलेले असते. पाणी मिळताच समान भार एकमेकांस दूर लोटतात, जाळे फुगते आणि पाणी आत शिरते. गाठी बांधलेल्या असल्यामुळे जाळे विरघळून मात्र जात नाही. आसपासची माती सुकू लागली की मुळे या फुगलेल्या दाण्यातील बहुतेक पाणी ओढून घेऊ शकतात, आणि पुढच्या पावसात दाणा पुन्हा फुगतो. काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते व उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटू नये.

आता मिठाची गोष्ट. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. फोडीच्या बाहेर क्षार अधिक झाले म्हणून आतले पाणी बाहेर ओढले जाते. दाण्याच्या बाबतीत हेच घडते. बाहेरचे पाणी जितके खारे, तितके ते दाण्याच्या आत शिरण्यास नाखूष. शिवाय क्षारांतील धनभारित कण साखळीवरील ऋण भारास झाकून टाकतात व साखळ्या एकमेकींना लोटेनाशा होतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा उपद्रव सोडियमपेक्षाही मोठा असतो. त्यांचा एकेक कण दोन-दोन भारांना धरून ठेवतो, म्हणजे जाळ्यात जणू नव्या गाठी मारतो. नुसत्या सोडियमने आकसलेला दाणा पावसाच्या गोड्या पाण्याने बऱ्याच अंशी पुन्हा फुगतो. कॅल्शियमच्या गाठी इतक्या सहज सुटत नाहीत.

हा फरक किती मोठा आहे? शुद्ध पाण्यात वजनाच्या तीनशे पट किंवा त्याहून अधिक फुगणारे दाणे, लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात साधारणतः ३० ते ६० पटच फुगतात. बहुतेक विहिरींचे पाणी इतके खारे नसते, हे खरे. परंतु जमिनीत मुरलेले पाणी बाष्पीभवनाने आटत जाते तसे त्यातील क्षार दाट होत जातात, हेही तितकेच खरे.

या दाण्यांचा शोध शेतीच्याच अंगणातला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे तेथील कृषी खात्याची प्रयोगशाळा आहे. मक्याच्या स्टार्चला रासायनिक साखळ्या जोडून शेकडो पट पाणी शोषणारा पदार्थ तेथील शास्त्रज्ञांनी सिद्ध केला आणि १९७० नंतरच्या दशकात तो बियाण्यावर लेप देण्यासाठी व रोपांची मुळे बुडविण्यासाठी वापरला गेला. पुढे त्याच जातीच्या पदार्थांचा सर्वाधिक खप झाला तो तान्ह्या मुलांच्या लंगोटांत! आपल्याकडे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने सेल्युलोजच्या आधारावर ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले. ही संस्था मूळची बिहारमधील पुसा येथील. १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीस हलविण्यात आली, परंतु जुने नाव तिने सोडले नाही. पुसा हायड्रोजेल शुद्ध पाण्यात निदान ३५० पट फुगते, आणि ४० ते ५० अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे तापलेल्या जमिनीत, त्याचे शोषण अधिक होते.

परिस्थितीप्रमाणे रूप पालटणाऱ्या बहुवारिकांचे घराणे मोठे आहे. काही ३२ अंशांच्या आसपास एकदम आकसतात. १९५१ साली फेरोसीन हे लोहयुक्त नारिंगी द्रव्य उजेडात आले. कार्बनच्या दोन कड्यांमध्ये लोहाचा एक अणू अशी त्याची घडण आहे. ते साखळीत गुंफले तर लोहाने एक इलेक्ट्रॉन गमावताच साखळीवर भार येतो आणि तिचे वागणे बदलते. रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्यांसाठी फेरोसीनची द्रव्ये उपयोगी पडली आहेत. शेतापर्यंत पोचले आहेत ते मात्र साधे जलशोषक दाणेच.

खर्च करण्यापूर्वी थोडे गणित मांडावे. पुसा हायड्रोजेलची मात्रा हेक्टरी अडीच ते पाच किलो सांगितली जाते. पाच किलो दाणे ३५० पट फुगले तर १,७५० लिटर पाणी धरतील. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे हेक्टरभर टाकलेले दाणे एका वेळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकेही पाणी साठवीत नाहीत. ते ४० पटच फुगले तर हिशेब २०० लिटरवर, म्हणजे एका पिंपावर येतो. तेव्हा ‘दाणे टाका आणि पाणी विसरा’ असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. दाण्यांचा जो काही लाभ आहे तो बियाण्याच्या अगदी निकट, ओळीत पेरल्यानेच पदरात पडेल. शेतभर फोकून देणे म्हणजे पैसा मातीत घालणे. हलक्या, मुरमाड वा वाळूसर जमिनीत आणि फळझाडांच्या खड्ड्यांत त्यांचा उपयोग अधिक संभवतो. खड्ड्यात १० ग्रॅम दाणे मातीत मिसळले व ते शंभर पट फुगले, तरी एक लिटर पाणी कोवळ्या मुळांशी राहते. भारी काळी जमीन स्वतःच पुष्कळ ओल धरते. तेथे घाई करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील परीक्षा शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी. सोनाराच्या काट्यावर एकेक ग्रॅम दाण्याच्या तीन पुड्या कराव्यात. एक पुडी लिटरभर स्वच्छ पावसाच्या पाण्यात, दुसरी तितक्याच विहिरीच्या पाण्यात टाकावी. तिसऱ्या भांड्यासाठी शेतातील माती पावसाच्या पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावी व वरचे निवळलेले लिटरभर पाणी घ्यावे. तीन तासांनी तिन्ही वेगवेगळ्या ओल्या मलमलीतून गाळून, निथळू देऊन तोलावेत. पावसाच्या पाण्यातील दाणे ३५० ग्रॅम भरले आणि विहिरीच्या पाण्यातील शंभरच भरले, तर त्या विहिरीवर दाण्यांची किंमत एकतृतीयांशाहूनही कमी झाली असे समजावे. तिसऱ्या भांड्याचा आकडा वाचताना जमिनीतील प्रत्यक्ष ओल त्या पाण्याहून अधिक खारी असते, हे ध्यानात ठेवावे. खारपाणपट्ट्यात ज्याच्याजवळ शेततळ्यातील पावसाचे पाणी आहे त्याने एखाद्या वाफ्यावर प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. ज्याची भिस्त खाऱ्या विहिरीवर आहे त्याने तो पैसा आधी आच्छादनावर आणि शेणखतावर घालावा.

खतांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. युरिया पाण्यात विरघळला तरी विद्युतभारित कण देत नाही, त्यामुळे दाण्यांच्या फुगण्यास त्याची फारशी अडचण होत नाही. कॅल्शियम नायट्रेट किंवा सुपरफॉस्फेट मात्र दाण्यांत कालवून पेरू नये. लंगोटातील दाणे सोडियमयुक्त असतात. ते स्वस्त म्हणून शेतात घालू नयेत. विकत घेतलेली पिशवी फोडल्यावर तोंड घट्ट बांधून कोरड्या डब्यात ठेवावी, कारण पावसाळी हवेतील दमटपणा शोषून दाण्यांची ढेकळे होतात व ती पाभरीच्या नळ्यांतून उतरत नाहीत.